पांढरं पोतं

यंत्र एकदाही चुकलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढं काय झालं ते ऐकलं की माणसं पहिला दगड यंत्राला मारतात. येळीवाडीतल्या पारखीनं दोन हंगामांत एकही दाणा चुकीच्या नळीतून सोडला नाही. तिनं रोज खरं सांगितलं. ते खरं वाचायचं कसं, हे तेवढं कुणी शिकवलं नव्हतं.

पारखी म्हणजे ते यंत्र. कंपनीनं त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. बचत गटाच्या बारा बायांपैकी फक्त रूपाली गोफणेला ते नीट म्हणता यायचं, आणि म्हणूनच तिला यंत्रावर बसवलं होतं. दहावी पास, हात स्वच्छ, डोकं थंड. नवरा बिरुदेव दसरा झाला की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा तो जूनलाच परत. घरात सासू सुलाबाई आणि पंधरा वर्षांची पोरगी ईश्वरी. एवढाच संसार.

येळीवाडी माणदेशातली, माणगंगेच्या कोरड्या पात्राच्या वरच्या अंगाला. जमीन मुरमाड. पाऊस जूनमध्ये तोंड दाखवून जाणार आणि ऐन शेंग भरायच्या वेळी बेपत्ता होणार. तिथं भुईमूग लावणं म्हणजे वेडेपणाच. भुईमुगाचं फूल लागतं वर आणि शेंग धरते खाली. फूल सुकलं की त्याच्या बुडातून सुईसारखी आरी निघते, जमिनीत घुसते आणि टोकाला शेंग धरते. पण जमीन तापून दगड झाली की आरी घुसणार कुठं? वरच लोंबकळून वाळायची. अशी कित्येक वर्षं येळीवाडीनं नुसता पाला उपटून मेंढरांपुढं टाकला होता.

मग नवं वाण आलं. जाड आरीचं, खोल मुळाचं, नव्वद दिवसांत हाताला येणारं. सोबत साहेब लोक आले. गादीवाफे करायला शिकवलं, आऱ्या सुटताना बुडाशी जिप्सम टाकायला शिकवलं. ते सगळं खरं होतं, त्यात कुणी फसवलं नाही. दोन हजार सदतीस सालच्या दुष्काळात शेजारच्या गावांनी गुरं छावणीला धाडली, तेव्हा येळीवाडीनं शेंगांची पोती भरली. म्हाताऱ्या माणसांनी वाफ्यातल्या मातीला हात लावून पाया पडून घेतलं.

पण त्यात एक गोष्ट होती. जुनं वाण असल्या उन्हात मरून जायचं. नवं मरत नव्हतं. तहानलेलं, अर्धमेलं, पण शेंग धरून उभं राहायचं. आणि तापलेल्या कोरड्या मातीत एक बुरशी असते. धडधाकट शेंग तिला आत येऊ देत नाही. तहानलेल्या शेंगेला तेवढी ताकद उरत नाही. टरफलाला केसाएवढी चीर गेली की बुरशी आत शिरते आणि दाण्यात विष सोडते. त्याला वास नाही, चव नाही. दाणा वरून गुलाबी, टपोरा, देवापुढं ठेवावा असा. भाजला तरी जात नाही, उकळला तरी जात नाही. माणसाच्या यकृतात जाऊन बसतं.

परदेशातल्या लोकांना हे ठाऊक आहे. म्हणून त्यांच्या बंदरावर माल तपासल्याशिवाय उतरत नाही, आणि म्हणूनच पारखी जन्माला आली. कपाटाएवढी, छपरावरच्या सौरपट्ट्यांवर चालणारी. वरून दाणे ओतले की एकेक दाणा जांभळ्या उजेडातून खाली पडायचा. विष असलेला दाणा त्या उजेडात अगदी अंधूक निळसर चमकतो, माणसाच्या डोळ्याला दिसणार नाही इतका. पारखीला दिसायचा. तो दाणा पडता पडताच वाऱ्याची एक फुंकर यायची, फुस्स, आणि दाणा बाजूच्या नळीत. चांगला दाणा हिरव्या पोत्यात, बाजूला काढलेला पांढऱ्या पोत्यात. हिरव्या पोत्यावर जहाजाचं चित्र होतं, कंपनीचं नाव होतं, गावाचं नावसुद्धा छापलं होतं. पांढरं पोतं कोरं होतं.

पूर्वी काय व्हायचं? बाया हातानं दाणे निवडायच्या, विषारी दाणा डोळ्याला दिसायचा नाही, सगळ्या मालात मिसळून जायचा. विष सगळ्या मुलखाला थोडं थोडं वाटलं जायचं. आता पारखी ते चाळीस घरांच्या शेतांतून वेचून एका पोत्यात गोळा करत होती. आणि ते पोतं येळीवाडीतच राहत होतं.

का राहत होतं? कारण निवडणारीचा वाटा. हा त्या भागातला जुना रिवाज. शेंगा फोडून दाणे निवडायला बाई आली, की चांगला माल मालकाचा आणि निवडून बाजूला काढलेला बाईचा. आज्या-पणज्यांपासून चालत आलेलं. पारखी आली तेव्हा निवडणाऱ्या बारा जणींच्या हातचं काम गेलं, पण वाटा गेला नाही. गटानं ठरवलं, पांढरं पोतं पाळीपाळीनं एकेकीनं न्यायचं. यात कुणाला वावगं वाटलं नाही. वाटावं असं होतंच काय? त्या भागात खाण्याजोगं काही फेकून देतात का?

सुलाबाईनं पहिल्याच दिवशी पांढऱ्या पोत्यातला दाणा दाढेखाली धरला होता.

"आगं, ग्वाड हाय की ह्यो! ह्यात काय खोड काढली त्या भांड्यानं?"

"आत्ती, बाह्यरच्या लोकांची प्वाटं नाजूक असत्यात," रूपाली हसत म्हणाली. सासूला ती आत्तीच म्हणायची.

"असूं द्यात बाई नाजूक. आमचं निभलं."

पारखीला एक छोटा पडदा होता. संध्याकाळी काम थांबलं की त्यावर दोन आकडे यायचे, एक हिरव्या पोत्याचा, एक पांढऱ्याचा. ते वहीत उतरवायचं काम रूपालीचं. हिरव्याचा चार, सात, फार तर नऊ. पांढऱ्याचा दोन हजार, साडेतीन हजार, कधी सहा हजार. यंत्र बसवायला आलेल्या प्रथमेशला तिनं विचारलं होतं. त्याचं शिकवणं दोन तासांत उरकलं होतं आणि त्याला अजून दोन गावं करायची होती.

"सर, ह्यो आकडा कशाचा?"

प्रथमेश फोनमध्ये बघत होता. "तेलाचा अंश असेल, ताई. बाहेर खारे दाणे खातात ना, त्यांना कमी तेलाचा लागतो."

"म्हंजी पांढऱ्या पोत्यात त्याल जास्ती?"

"हां, असंच काहीतरी."

असंच काहीतरी! 'मला माहीत नाही' हे तीन शब्द म्हणायला त्याला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. त्यानं अंदाज केला, गाडीत बसला, निघून गेला. रूपालीनं मात्र ते नीट लक्षात ठेवलं. तेल म्हणजे ताकद. एवढं तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि ताकद तिला हवीच होती, स्वतःसाठी नव्हे.

ईश्वरी पळायची. मेंढरांमागं पळता पळता पळायला लागलेली पोरगी. शाळेतल्या लोखंडे सरांनी तिला सातवीत हेरली. आता नववीत ती तीन हजार मीटर दहा मिनिटं बेचाळीस सेकंदांत पळत होती, नदीच्या वाळूत, फाटक्या बुटांत. जानेवारीत पुण्याला राज्याची निवड चाचणी होती. तीत लागली तर सरकारी क्रीडा प्रबोधिनीत राहणं, खाणं, शिक्षण, सगळंच. सर म्हणाले होते, "पोरगी पळती झकास, पण अंगात काही नाही हिच्या. खुराक बघा, ताई."

खुराक. या एका शब्दावर रूपाली झोपायची आणि उठायची.

रोज पहाटे ती चुलीवर तव्यात दाणे भाजायची. भाजक्या दाण्यांचा वास घरभर झाला की ईश्वरीला उठवावं लागायचं नाही, ती आपली आपण येऊन चुलीपाशी बसायची. रूपाली डब्यातून एक मूठ काढायची, गुळाचा खडा ठेवायची आणि पोरगीच्या ओंजळीत रिकामी करायची.

"आई, तू घे की."

"माझं झालंया."

तिचं कधी झालेलं नसायचं. आधी सगळा माल विकून घरात सणाला तेवढे दाणे उरायचे. आता पोतं भरून होतं, तरी ती एक दाणा तोंडात टाकायची नाही. सवयच तशी. पोरगीचं पोट भरलेलं बघून तिचं भरायचं.

दाराच्या चौकटीवर ईश्वरी खडूनं आपल्या वेळा लिहायची. ऑक्टोबरात १०.४२. दिवाळीत १०.३८. घरात त्या दिवशी गोडाचं झालं. कोकणातून बिरुदेवचा फोन आला. "म्या म्हनलं हुतं, शेरडीचं दूध पाज म्हणून. दुधाचीच ताकद ती."

"दूध-बीध न्हाई, दाण्याची हाय," रूपाली ठसक्यात म्हणाली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ईश्वरीनं ११.०५ लिहिलं. लिहून हातानं पुसलं.

"पाय जड पडत्यात, आई."

"थंडीनं आसंल."

रूपालीनं दुसऱ्या दिवसापासून एकाच्या दोन मुठी केल्या.

याच सुमारास सुलाबाईच्या कोंबड्या मेल्या. चुलीपाशी सांडलेले, फुटलेले दाणे त्यांच्यापुढं पडायचे. आठवड्यात सात कोंबड्या माना टाकून पडल्या. "मानमोडी आली," सुलाबाई म्हणाली आणि खड्डा खणून त्या पुरल्या. मानमोडी दर हिवाळ्याला येतेच. कोण कशाला जास्त विचार करणार?

सोळा डिसेंबरला पारखीच्या पडद्यावर पांढऱ्या पोत्याचा आकडा आला नऊ हजार दोनशे. एवढा मोठा कधीच आला नव्हता. त्या दिवशी पाळी होती सुवर्णा ढेंबरेची. सुवर्णा रूपालीची लहानपणापासूनची मैत्रीण, एकाच गावच्या दोघी, एकाच मांडवात लग्न झालेल्या. तिला पाच वर्षांचा पोरगा, आदेश. काडीपैलवान.

"सुवर्णे, आजचं पोतं मला दे की. माझं परवाचं तू ने."

"का गं? ह्यात काय सोनं हाय?"

"ईसूची चाचणी आली जवळ."

सुवर्णानं वहीतला आकडा बघितला, कमरेवर हात ठेवला. "चांगलं बघून घेतलंस की! त्यालाचं पोतं तुझ्या घरात आन् माझ्या आदूनं काय चोथा खायचा? यंत्रावर बसली म्हंजी मालकीण झाली व्हय तू?"

"एवढ्या बारीला. पाया पडते तुझ्या."

"घे बाई, घे. ऑलिंपिकला गेल्यावर आमाला इसरू नगा म्हंजी झालं."

दोघी हसल्या. रूपालीनं नऊ हजारांचं पोतं डोक्यावर घेतलं आणि घरी आणलं. ते तिनं वेगळ्या डब्यात भरलं. त्यातले दाणे फक्त ईश्वरीचे.

जानेवारीच्या चार तारखेला ईश्वरी वाळूत पळता पळता बसली. लोखंडे सरांनी मोटारसायकलवर घरी आणलं. डोळे हळदीसारखे.

कावीळ. सुलाबाई तिला पलीकडच्या गावातल्या माणसाकडे घेऊन गेली. त्यानं नाकात पाल्याचा रस पिळला आणि तेलकट खाऊ नका म्हणाला. मग रूपालीनं फोडणी बंद केली, तूप बंद केलं. दाणे बंद केले नाहीत. भाजका दाणा काय तेलकट असतो? पोरगीच्या पोटात दुसरं काही ठरत नव्हतं, दोन घास खाऊन ओकायची. पण आईच्या मुठीतले दाणे ती नेमानं एकेक करून चावायची. आईला बरं वाटावं म्हणून.

मग पोट फुगलं, पाय सुजले. सरांनी वर्गणी करून आणलेले नवे बूट पायात जाईनात. ईश्वरी ते उशाशी घेऊन झोपायला लागली.

तालुक्याच्या दवाखान्यानं जिल्ह्याला धाडलं, जिल्ह्यानं पुण्याला. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात डॉ. शबाना मुलाणी होत्या. मूळच्या सांगोल्याच्या, म्हणून त्यांच्याशी बोलताना रूपालीची जीभ अडखळली नाही.

"ताई, नेहमीच्या काविळीच्या सगळ्या तपासण्या कोऱ्या आल्यात. तिनं काही औषधं घेतली? झाडपाला?"

"नाकात रस पिळला, त्यो बी कावीळ झाल्यावर."

"रोज काय खायची? अगदी सगळं सांगा."

रूपालीनं सांगितलं, आणि सांगताना तिच्या आवाजात एवढ्या काळजीतही थोडा अभिमान आला. "सकाळी दोन मुठी दाणे, गुळासंगं. एक दीस चुकवला न्हाई. साधं न्हाईत, यंत्रानं निवडल्यालं. आमच्या गावात पारखी हाय. म्याच चालवते."

"यंत्रानं निवडलेले? निर्यातीचे?"

"न्हाई न्हाई. निर्यातीचं हिरव्या पोत्यात जात्यात. हे पांढऱ्या पोत्यातलं. त्यात त्याल जास्ती असतं. ईसूला तर म्या सगळ्यात जास्ती आकड्याचं दिलं, नऊ हजार दोनशेचं."

डॉ. मुलाणींनी पेन खाली ठेवलं.

"म्याडम?"

"तो आकडा तेलाचा नाही, ताई." त्यांनी खुर्ची पुढं ओढली, रूपालीचा हात धरला. "बुरशीच्या विषाचा आहे. पंधराच्या वर गेला तर माणसानं खाऊ नये."

पंधरा.

रूपालीला वही दिसायला लागली. निळ्या शाईतलं स्वतःचं अक्षर. दोन हजार शंभर. तीन हजार सहाशे. सहा हजार चाळीस. नऊ हजार दोनशे, आणि त्याच्याखाली तिनं आनंदानं मारलेली दुहेरी रेघ.

"पंधरा हजार म्हंता व्हय?" तिनं विचारलं.

"नाही. पंधरा."

यकृत बदलावं लागणार होतं. घरातल्या कुणाचा तरी तुकडा काढून बसवायचा. कोकणातून मेंढरं भावकीच्या हवाली करून बिरुदेव आला होता. त्याचा रक्तगट जुळला नाही. रूपालीचा जुळला. तिला सुया टोचल्या, नळकांड्यात घालून फोटो काढले. ती मनात एकच धरून बसली होती की आपलंही यकृत सडलेलं निघणार, एकाच घरातलं अन्न, एकाच तव्यातलं. ते तसं निघू नये म्हणून तिनं बिरोबाला मेंढा बोलला.

डॉ. मुलाणी कागद घेऊन आल्या.

"तुमचं यकृत अगदी स्वच्छ आहे, ताई. तुम्ही ते दाणे खात नव्हता?"

"न्हाई," रूपाली म्हणाली. "समदं तिलाच."

शस्त्रक्रिया गुरुवारी ठरली. ईश्वरी मंगळवारी गेली. सकाळी अकराच्या सुमाराला, खिडकीतून ऊन आत आलेलं असताना. तासभर आधी तिनं विचारलं होतं, "आई, चाचणी झाली का गं?" चाचणी होऊन सोळा दिवस झाले होते. रूपाली म्हणाली, "फुडं ढकलली बाय. तुझ्यासाठी थांबल्यात."

गावाकडं येताना शववाहिकेत बिरुदेव बुटांची पेटी मांडीवर घेऊन बसला होता. फलटण मागं पडलं तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

"दूध पाज म्हनलं हुतं म्या."

बस्स, एवढंच. त्यानं पुढं कधी हात उचलला नाही, शिवी दिली नाही. पण त्या पाच शब्दांनी त्या दोघांमधलं जे काही होतं ते तुटलं. तेरावं झालं आणि तो मेंढरांकडं गेला. त्या जूनला तो परत आला नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीचा साहेब आला, सोबत सरपंच उत्तमतात्या. पारखीच्या शेडमध्ये गट जमवला. साहेबानं हात जोडले, फार दुःख झालं म्हणाला, आणि मग मोबाइलवर एक पान उघडून दाखवलं.

"हे बघा, पुस्तिकेत स्पष्ट आहे. पान त्र्याऐंशी. नाकारलेला माल नष्ट करावा."

"विंग्रजीत हाय," सुवर्णा म्हणाली.

"भाषांतराचं काम चालू आहे."

दोन वर्षं चालू होतं! चाळीस घरांच्या भुईमुगाचा फोटो उपग्रहातून काढणाऱ्या कंपनीला एक ओळ मराठीत लिहायला माणूस सापडत नव्हता. पोत्यावर जहाज छापता आलं, 'खाऊ नका' छापता आलं नाही.

साहेब गाडीकडं गेल्यावर उत्तमतात्या हळू आवाजात बोलायला लागले. वाईट माणूस नव्हता तो. म्हणून जास्त वाईट वाटतं.

"रूपाली, पोरगी माझ्या नातीसारखी हुती. पर ही गोष्ट भायेर गेली तर आपलं गाव त्यांच्या यादीतनं उडतंय. बिषाचं गाव म्हणून शिक्का बसला तर हिरवं पोतं बी कुणी घ्यायचं न्हाई. कावीळ झाली, पोर गेली, एवढंच म्हणायचं. पांढरी पोती ज्यानं त्यानं गुपचूप कुठंतरी टाकावीत."

"टाकत्याल का, तात्या?"

"सांगू की त्यास्नी."

"काय म्हणून सांगशीला? बिष म्हणायचं न्हाई म्हंता. मग दाणं फेकून द्या म्हणल्यावर ह्या गावात कोण फेकील?"

उत्तर तात्यांना ठाऊक होतं. त्यांच्याही घरात अर्धं पोतं होतं.

रूपालीनं फळीवरची वही काढली. उभी राहिली आणि शाळेत हजेरी घ्यावी तशी वाचायला लागली. तारीख, आकडा, कोणत्या घरी गेलं. "नऊ डिसेंबर. तीन हजार सहाशे. पारुबाई." पारुबाईनं पदर तोंडाला लावला. "बारा डिसेंबर. सहा हजार चाळीस. मंगल." मंगलची सून पोटुशी होती. एकेक नाव ती थांबून, ऐकणारीच्या डोळ्यांत बघून वाचत होती.

"सोळा डिसेंबर. नऊ हजार दोनशे. पाळी सुवर्णाची." तिनं वही मिटली. "ते म्या मागून नेलं. हावरटपणा केला. आदूच्या तोंडचं हुतं ते, सुवर्णे."

शेडमध्ये पारखीचा पंखा तेवढा फिरत होता. सुवर्णा जागची उठली, रूपालीपाशी आली. वाटलं मिठी मारील. तिनं मारली नाही. ती खाली बसली आणि रूपालीच्या पायांवर कपाळ टेकवून हुंदके द्यायला लागली. आणि रूपालीला तिचे केस कुरवाळावेत असं वाटेना. पाय सोडवून घ्यावेत आणि पळत सुटावं असं वाटत होतं. कारण तिच्या मनात एक गोष्ट आली होती, जी कुठल्याच बाईच्या मनात येऊ नये: हे पोतं तूच नेलं असतंस तर?

ती गोष्ट तिनं कधी कुणाला सांगितली नाही.

दुपारी तिनं मेंढरांच्या पाठीवर खूण करायची हिरमुंजी कालवली. लाल भडक. घराघरांत जाऊन पांढऱ्या पोत्यांवर बोटानं लिहिलं: विष. काही घरांनी आपणहून पोती बाहेर काढली. काहींनी दार लावून घेतलं. एक म्हातारा म्हणाला, "आमी सत्तर वर्सं दाणं खातूय, आमास्नी काय झालं?" मंगलची सून तर डबा छातीशी धरून रडायलाच लागली, सोडेना. डब्यात लाडू होते. सासूनं केलेले.

सगळी पोती नदीच्या वाळूत आणली, ईश्वरी जिथं पळायची तिथं. खड्डा केला, त्यात विस्तव पेटवला. सगळ्यांत आधी सुवर्णानं आपलं पोतं रिकामं केलं. रूपालीनं शेवटी स्वतःचा डबा आणला. त्यात अजून चार-पाच मुठी होत्या. ओतायच्या आधी तिनं एक मूठ भरली. गुलाबी, टपोरे, निवडून निवडून घेतलेले. ते तोंडाकडं न्यायला हात उचलला, आणि सुलाबाईनं मागून मनगट धरलं.

"नगं गं बाय. म्या एकली काय करू?"

रूपालीनं मूठ उघडली. दाणे विस्तवात पडले.

विष जळताना घाण येईल असं वाटलं होतं. नाही आली. भाजक्या दाण्यांचा वास आला. खमंग, गोड, पहाटेच्या चुलीपाशी यायचा तोच. वाऱ्यानं तो वास साऱ्या वाडीवर नेला आणि घराघरांतून पोरं बाहेर आली. वाळूतून पळत आली, दहा, पंधरा, वीस. कुणी अनवाणी, कुणाचं नाक वाहतंय. आदेश सगळ्यांच्या पुढं होता. रूपालीपाशी येऊन त्यानं दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली.

"काकू, मूठभर दे की."

रूपाली खड्ड्याच्या आडवी उभी राहिली. बिरुदेवची काठी तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, मेंढरं वळवावीत तशी.

"माघारी फिरा," ती ओरडली. "पळा! समदी पळा!"

पोरांना वाटलं शर्यत आहे. ती खिदळत उलटी फिरली आणि वाळू उडवत जीव खाऊन पळत सुटली. रूपाली बघत राहिली. आदेश पहिला होता.